पैसे पाण्यातच घाला

बडोद्याहून, करेलीबागेतून, एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात मजकूर असा:

"गोड्या पाण्याची टाकी चार वर्षं सांभाळतोय. आता समुद्राच्या पाण्याची, प्रवाळ असलेली टाकी करायची आहे. सात वर्षांच्या लेकीला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवाय. ४० हजारांच्या वर जाता येणार नाही. दुकानदार म्हणतो, ३० लिटरची तयार टाकी घ्या. चार मासे, एक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणि जिवंत प्रवाळाचा तुकडा, सगळं एका दिवसात बसवून देतो, २५ हजारांत. बाबा म्हणतात, विकतचं मीठ कशाला, कावी-कंबोईला जाऊन समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणू. मेव्हण्यानं नराऱ्याहून आणलेला प्रवाळाचा दगड घरात आहेच. घरच्या आरओचं पाणी चालेल का? बायको विचारते, लाइट बिल किती येईल, आणि मे महिन्यात माशांना एसी लावायचा का? शिवाय दिवाळीत आम्ही आठवडाभर पुण्याला जातो, तेव्हा काय करायचं? कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही, तेवढं सांगा. — एक करेलीबागकर"

प्रिय करेलीबागकर,

आधी त्या दुकानदाराला नाही म्हणून या, मग पुढचं बोलू.

चार वर्षं गोड्या पाण्याची टाकी चालवलीत, म्हणजे माशांच्या मैल्याचा अमोनिया, जिवाणू त्याचं करतात ते नायट्राइट, आणि त्याचं पुढे नायट्रेट, ही साखळी तुम्हाला पाठ असणार. खाऱ्या पाण्यातही तीच आहे, पण इथं पीएच ८.१ ते ८.४ ठेवावा लागतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया अधिक विषारी. गोड्या पाण्यातला गप्पी जे निभावून नेतो ते समुद्राच्या माशाला झेपत नाही. अमोनिया खाणारे जिवाणू दगडावर आणि वाळूवर वस्ती करायला तीन ते सहा आठवडे घेतात. ते आठवडे दुकानात विकत मिळत नाहीत. एका दिवसात चार मासे आणि ॲनिमोन टाकणारा माणूस तुम्हाला टाकी विकत नाहीये, पुढच्या महिन्यातली औषधं आणि त्याच्या पुढच्या महिन्यातले नवे मासे विकतोय.

शिवाय ३० लिटर. लहान टाकी स्वस्त पडते हा या छंदातला सगळ्यात महागडा गैरसमज. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. ३० लिटरमधून दिवसाला एक लिटर उडालं आणि तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात, तर परत याल तेव्हा ३० लिटरचं मीठ २६ लिटरमध्ये कोंबलेलं असेल. क्षारता हजारी ३५ वरून ४० च्या वर. शंभर लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर उडालं तरी चार दिवसांनी आकडा ३८ होतो. तोही चांगला नाही, पण मासे तग धरतील. तापमानाचं आणि अमोनियाचंही हेच गणित. नवख्यानं जेवढं जास्त पाणी तेवढं बरं, आणि फार जास्त म्हणजे मिठाचा खर्च वाढला. या दोन टोकांच्या मधे दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही टाकी बसते. काठोकाठ भरली तर १२७ लिटर. वर चार बोटं जागा सोडली, दगड-वाळू घातली की पाणी उरतं शंभर लिटरच्या आसपास.

ती शोरूममधून घेऊ नका. ८ मिलिमीटर काच कापून जोडून देणारा टाकीवाला शहरात मिळतो. त्याच्याकडे एकाच गोष्टीवर अडून बसा: बाथरूमच्या फरशीला लावतात ते बुरशीरोधक सिलिकॉन नको, मत्स्यटाकीचंच हवं. भरून दोन दिवस गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवा, मग घरात घ्या. कोणी जुनी टाकी स्वस्तात देत असेल तर तिच्यात कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का ते विचारा. सांध्यातलं सिलिकॉन तांबं धरून ठेवतं, आणि प्रवाळाला ते विष आहे. उत्तर 'आठवत नाही' असेल तर सोडून द्या. तुमची सध्याची गोड्या पाण्याची टाकी या कामाला नको, पण तिच्या जोडीला एखादी छोटी जुनी टाकी पडून असेल तर जपून ठेवा. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायला ती लागेल.

पाणी, दगड, काच धरून वजन १५० किलोच्या वर जाईल. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असाल किंवा तळमजल्यावर, खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून ठेवा. उन्हाची खिडकी नको, पश्चिमेची तापणारी भिंत नको. आणि एक घरगुती प्रश्न: हॉलच्या ज्या कोपऱ्यात गणपती बसतात तो कोपरा तर मनात नाही ना? भरलेली टाकी दहा दिवसांसाठी सरकवता येत नाही. मखर लहान करायचं की टाकी दुसरीकडे न्यायची, हे आईशी आत्ताच बोलून घ्या.

आता पाणी. इथं मी लांबण लावणार आहे, कारण तुमच्या ४० हजारांतले दहा-बारा हजार इथंच जायला हवेत, आणि लोक नेमके इथंच वाचवतात.

बाबांना सांगा, तिथल्या स्तंभेश्वर महादेवाचं दर्शन जरूर घ्या, भरतीत पिंडी पाण्याखाली जाते ते नातीला दाखवा, पण कॅन घरी ठेवा. कावी-कंबोई हे महीचं मुख आहे. तिथं नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं, म्हणजे क्षारता ऋतूप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलते. खंभातच्या आखातात भरती प्रचंड, त्यामुळे गाळ कधी खाली बसतच नाही. पाणी चहाच्या रंगाचं. त्यावर आपल्या बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारा कालवा जंबुसर तालुक्यात याच बाजूला जाऊन मिळतो. बडोदा म्युझियममधला ज्या देवमाशाचा सांगाडा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय, तोही १९४४ मध्ये महीच्या मुखाशीच आला होता. पण देवमासा आला म्हणून ते पाणी प्रवाळाला चालतं असं नाही. आणि चांगल्या किनाऱ्यावरून आणायचं म्हटलं, तर दर आठवड्याला दहा लिटर कोण आणणार?

'विकतचं मीठ' याचा अर्थ मात्र स्वयंपाकघरातलं नव्हे, दुकानातलं जाडं मीठही नव्हे. देशातलं बहुतेक मीठ गुजरातमध्ये पिकतं, म्हणून हा प्रश्न इथं हमखास येतो: मीठ समुद्राच्याच पाण्याचं ना, मग परत पाण्यात घातलं की समुद्र का नाही होत? मिठागरात काय घडतं ते पाहा. पाणी आटायला लागलं की आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, नंतर सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ, आणि शेवटी जे कडू पाणी उरतं ते काढून टाकतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्या कडू पाण्याबरोबर गेलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या वर असतं. मिठागरातल्या मिठात ते जवळजवळ नसतंच. म्हणून रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचं, तयार मिश्रण घ्यावं लागतं. प्रमाण लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. शंभर लिटरला पहिल्यांदा साडेतीन-पावणेचार किलो, मग दर आठवड्याला दहा लिटर बदलायचं म्हटलं तर साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम. पहिल्या वर्षाला बावीस-तेवीस किलो लागेल. एक किलोच्या पाकिटांत घेऊ नका, मोठी बादली घ्या आणि झाकण घट्ट लावा. आपल्या पावसाळ्यात मिश्रण ओल धरतं आणि मग त्याचा दगड होतो.

हे मीठ ज्या पाण्यात घालायचं ते शुद्ध हवं. तुमच्या सोसायटीत महीच्या पात्रातल्या फ्रेंच कूपांचं (विहिरींचं) पाणी येत असो, आजवा तलावाचं येत असो की उन्हाळ्यात बोअरचं मिसळत असो, सरळ नळाचं नको. घरचं आरओ यंत्र? इथं नीट वाचा. पिण्याच्या आरओत पडद्यातून गाळलेल्या पाण्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. हल्ली तर तांब्याचे आयन सोडणारी कांडी बसवलेली यंत्रं आरोग्याच्या नावाखाली विकतात. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं असेल. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं विष आहे, आणि फार थोडं पुरतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलवा, पडद्यातून बाहेर पडणारी नळी या सगळ्याच्या आधी फोडून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) एक नळकांडी लावा. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की दिसतं. टीडीएसच्या (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) पेनवर आकडा शून्य यायला हवा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. ते बरंच असतं.

मीठ मोजायला हायड्रोमीटरची तरंगती नळी स्वस्त असते आणि खोटंही बोलते. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि त्याच्याबरोबर हजारी ३५ चं प्रमाणद्रव घ्या. साध्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. पाणी वेगळ्या, फक्त याच कामाच्या प्लॅस्टिक बादलीत कालवायचं, छोटा पंप सोडून एक दिवस फिरू द्यायचं, मग मोजायचं. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकायचं नाही. रोज जे पाणी उडतं ते भरायचं मात्र बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानं. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि त्या रेघेपर्यंत रोज भरा. हे काम लेकीला द्या.

आता मेव्हण्याचा दगड. नरारा हा कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ओहोटीला तिथं पायी प्रवाळ बघता येतात, शाळांच्या सहली जातात, आणि प्रत्येक सहलीत कोणीतरी खिशात काहीतरी घालतं. त्यातून काहीही उचलणं गुन्हा आहे. त्यापलीकडेही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, सी फॅन, फायर कोरल, ऑर्गन पाइपसुद्धा. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही. एखादी जात नाही, अख्खे गट. वाघाला जे परिशिष्ट लागू तेच, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. मेलेला, सुकलेला, 'किनाऱ्यावर पडलाच होता' वगैरे सबबींनी काम भागत नाही. तो दगड टाकीत घालू नका, कोणाला भेट देऊ नका, विकू तर मुळीच नका. ओळखीच्या वकिलाला विचारून वनखात्याकडे सोपवा.

दुकानदाराच्या 'जिवंत प्रवाळाच्या तुकड्या'चं उत्तर यातच आलं. तो म्हणेल, हे इंडोनेशियातल्या शेतीत वाढवलेलं आहे, आपल्या समुद्रातलं नाही. कडक सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही नियंत्रित आहेत. आयातीचे कागद असतील तर ते पक्क्या बिलासह दाखवायला सांगा. मला विचाराल तर पहिलं वर्ष या गटाकडे बघायचंच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी त्यांना तेज दिवा, जोरदार प्रवाह, रोज मोजून दिलेलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) लागते. ४० हजारांत तेवढं होत नाही, उगीच ओढाताण करू नका.

मग रीफ कशाची? मशरूम, झोअँथिड, लेदर या मऊ प्रवाळजातींची. हे खडक बांधणाऱ्या गटातले नाहीत, दगडी सांगाडा करत नाहीत, मध्यम उजेडात वाढतात, आणि पहिल्या वर्षाच्या चढउतारांत टिकतात. कुठून आले ते यांच्याबाबतही विचारा, बिल घ्या. हौशी लोक एकमेकांना वाढलेले तुकडे देतात. मुंबई, पुणे, अहमदाबादला असे बरेच आहेत, आणि दुकानापेक्षा ते स्वस्त पडतं. एक धोका मात्र तुमच्या घरात सात वर्षांची मुलगी आहे म्हणून ठळक सांगते: झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हात घालताना हातमोजे आणि चश्मा, हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही, आणि त्यांचा दगड कधीही उकळायचा किंवा गरम पाण्यात धुवायचा नाही. वाफेतून विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. ही भीती नको असेल तर झोअँथिड सोडा, मशरूम आणि लेदर घ्या. टाकी त्यांनीही भरते.

टाकीतला खडक सिरॅमिकचा किंवा माणसानं बनवलेला कोरडा घ्या, दहाएक किलो. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' स्वस्तात मिळाला तरी नको. त्यात प्रवाळाचा सांगाडा असतोच, म्हणजे पुन्हा तोच कायदा. खाली एक इंच अरॅगोनाइटची (चुन्याच्या खनिजाची) वाळू. बांधकामाची नर्मदेची वाळू नको.

यंत्रांवर फार वेळ घालवत नाही. पाणी फिरवायला तासाला दीड-दोन हजार लिटरचा एक पॉवरहेड, मागे टांगायचा साधा फिल्टर, थर्मोस्टॅटचा १०० वॅटचा हीटर आणि त्याच्यावर वेगळा तापमान नियंत्रक, कारण हीटर बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो. निळ्या छटेचा रीफचा एलईडी दिवा, रोज आठ तास. फेसातून मैला काढणारा प्रोटीन स्किमर, खालची जादा पाण्याची सम्प टाकी, क्षार मोजून सोडणारा डोसिंग पंप, मोबाइलवरून चालणारं काहीही: पहिल्या वर्षी नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं आणि मासे कमी ठेवले की त्यांच्यावाचून अडत नाही. स्टँड लोखंडी अँगलचा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या आणि गंजरोधक रंग द्या. सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबून मग वर जातील अशा सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही. आणि त्या सॉकेटला आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

वहिनींना सांगा: ४० वॅटचा दिवा आठ तास, पंप, फिल्टर आणि दोन छोटे पंखे मिळून दिवसाला एक युनिटच्या आसपास. महिन्याला तीस युनिट. जानेवारीत हीटर चालतो तेव्हा दिवसाला आणखी युनिटभर. एका एसीच्या मानानं हे काहीच नाही.

मे महिना हा खरा प्रश्न आहे. टाकी २५-२६ अंशांवर हवी, २८ पर्यंत चालतं, ३० च्या वर काही दिवस राहिली तर मऊ प्रवाळसुद्धा मिटून बसतात. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारे दोन पंखे पाणी उडवतात आणि तापमान दोन ते चार अंशांनी उतरवतात. आपल्या मेमधल्या कोरड्या दुपारी हे चांगलं चालतं, पावसाळ्याच्या दमट हवेत कमी, पण तेव्हा ऊनही कमी असतं. फक्त पंखा लावला की रेघेपर्यंत भरायचं पाणी दुप्पट होतं, ते विसरू नका. दिव्याची वेळ मेमध्ये दुपारी चार ते रात्री बारा करा. शुद्ध पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा; अगदीच चढलं तर बंद बाटली टाकीत तरंगत सोडायची. पण तुमच्या फ्लॅटच्या वर गच्ची असेल आणि हॉल दुपारी ३५ अंशांवर जात असेल, तर पंख्यांचं गणित जमणार नाही. मग टाकी ज्या खोलीत एसी चालतो तिथं हवी, किंवा पाणी थंड करणारा चिलर, वापरलेला का होईना, शोधावा लागेल. म्हणून ४० मधले आठ-दहा हजार आत्ता खर्चूच नका, मेसाठी राखून ठेवा. मे सुखानं गेला तर त्या पैशांचे प्रवाळ घ्या.

त्या राखीव पैशांतून एक वस्तू मात्र लगेच: बॅटरीवर चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा हवेचा पंप. प्रवाह थांबला की काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपायला लागतो, मासे उष्णतेनं मरतात त्याच्या आधी त्यानं मरतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती वस्त्या अंधारात होत्या ते तुम्ही पाहिलंच असेल. इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेडची एक लाइन त्यावर घ्या, हीटर आणि दिवा नको.

वेळ कोणती? नवरात्र झालं की. टाकी, पाणी, खडक तेव्हा मांडा, दिवे बंद ठेवा, आणि शुद्ध अमोनियम क्लोराइडनं अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास न्या. ते न मिळाल्यास माशांच्या खाण्याची चिमूट कुजू द्या. बाटलीतले जिवाणू घातले तर वेळ थोडा वाचतो. दोन इतका घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवू लागला की टाकी तयार. त्या आधी निळे डॅम्सेल मासे 'टाकी शिजवायला', म्हणजे जिवाणू वाढवायला, टाकायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. अमोनियानं मासा जळतो, आणि जगला तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला चावत सुटतो, आणि खडक उपसल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. दिवाळीच्या रंगकामाच्या आधी मासे नकोत हेही यात बसतं. रंगाचा वास, डासांची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा फवारा, यातली बहुतेक औषधं माशांना आणि कोळंबीला मारतात. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर टाकीवर प्लॅस्टिक टाकून हवेचा पंप दुसऱ्या खोलीतून नळी घेऊन चालवा. हाताला ओडोमॉस असताना टाकीत हात घालायचा नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर किंवा अखेरीस दोन लहान क्लाउनफिश, म्हणजे लेकीला हवे तेच नारिंगी-पांढरे, टाकीत वाढवलेले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमला त्यांचं प्रजनन कधीच करून दाखवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण नाही. लेकीला सांगायला एक गंमत: हे सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा असतो तो मादी होतो. म्हणून दोन लहान एकदम घेतले की जोडी आपोआप जमते. ॲनिमोन त्यांना लागत नाही, आणि ॲनिमोनला वर्षभर मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो मरतो आणि मरताना बाकीच्यांना घेऊन जातो. जानेवारीत एक छोटा गोबी. बस, तीन मासे. निळी टँग लहान असताना दोन इंचांची दिसते, पण तिला याच्या चार-पाच पट टाकी लागते. मँडरीन मासा जिवंत सूक्ष्म कवचधारी खातो, नव्या टाकीत उपाशी मरतो. दोन्ही कितीही सुंदर दिसले तरी दुकानातच बरे.

मासे यायच्या आसपास काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढेल, नंतर हिरवं शेवाळ. लोक इथंच घाबरून औषध घालतात. औषध नको, दिव्याचे दोन तास कमी करा, चार-सहा गोगलगायी सोडा, पाणी बदलत राहा, महिना-दोन महिने थांबा. पहिला मशरूम फेब्रुवारीत.

दिवाळीत तुम्ही पुण्याला जाता. या वर्षी मासेच नसतील, तेव्हा चिंता नाही. शेजाऱ्यांना फक्त रेघेपर्यंत शुद्ध पाणी भरायला सांगा. पुढच्या वर्षी मात्र शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊ नका. प्रेमळ माणसं मूठभर घालतात. गोळ्यांच्या आठवड्याच्या डबीत एक दिवसाआडची चिमूट वेगळी करून ठेवा; मोठे क्लाउनफिश दोन दिवस न खाता मजेत राहतात. शुद्ध पाण्याच्या बाटल्यांवर वार लिहा. आणि खाण्याचा मोठा डबा कपाटात ठेवून किल्ली बरोबर घेऊन जा.